पाटलांच्या वाट्याचा गाळ

उमागिरी महाराज त्या वर्षी माघात आसरखेडला आले आणि महादेवाच्या देवळात राहिले. देवळासमोर दगडी बारव होती. साऱ्या गावाला पाणी तिचेच. देवाला जाणारा आधी पायऱ्या उतरून त्या पाण्यात पाय धुवी आणि घरी जाताना तिथलीच घागर भरून नेई.

गावात घरोघरी कुणाच्या तरी पायात नारू, दोऱ्यासारखा लांब जंत, होता. लिंबाजी कोष्ट्याची बायको कोंडाबाई त्यातच गेली. नारू आत तुटला, पाय सडला, बाविसाव्या दिवशी ती संपली.

लिंबाजीने विचारले, "महाराज, ती रोज पाय धुऊनच देवाला जायची. मग असं का झालं?"

महाराजांनी बारवेकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "पायातला नारू पाण्यात उतरतो. ते पाणी पोटात गेलं की वर्षाने पुन्हा पायातून निघतो. देवाने पाय धुवायला सांगितले. पिण्याच्या पाण्यात धुवायला सांगितले नाहीत."

महाराजांनी गाव जमवून ठरवले. बारव उपसून गाळ काढायचा. खालच्या पायऱ्यांवर आडवी भिंत घालायची आणि पाणी वरून पोहऱ्यानेच काढायचे. पाय धुवायला बाहेर दगडी डोणी. तळाचे घरटी वाटे पाडले. ज्याचा वाटा त्यानेच उपसायचा. पाणी गाळायला लिंबाजीने घरटी एक घट्ट विणीचे कापड विणले.

बहिर्जी पाटलांनी ते कापड दोन बोटांत धरले. "लिंब्या, महादेवाचं तीर्थ तू गाळणार? उद्या गंगेलाही चाळण लावशील." लोक हसले. "आणि पाटलाने चिखल उपसायचा? माझा वाटा राहू दे तसाच."

लिंबाजीने कापडाची घडी घातली. "तुमचं कापड बाजूला ठेवतो," म्हणाला आणि टोपली घेऊन खाली उतरला.

चैत्रात भिंत उभी राहिली. पाटलांचा कोपरा सोडून सगळा गाळ निघाला. पण उपसलेल्या बारवेला पुन्हा पाणी आले नाही. चार दिवस बायका दोन कोसांवरून हंडे वाहत होत्या. गाव कुरकुरू लागले.

लिंबाजी म्हणाला, "महाराज, पाटलांचा कोपरा मी उपसतो. एका दिवसाचं काम."

"नाही. आज त्यांचा गाळ तू काढलास, तर उद्या पाण्यात उतरणारे त्यांचे पाय कोण अडवणार? बारव सगळ्यांची आहे. एकाचाही हात कमी चालणार नाही."

पाचव्या दिवशी पाटील पहार घेऊन आले. मागे निम्मे गाव. "भिंतीमुळे पाण्यातल्या देवी, आसरा, रुसल्या. पाडा ती."

लिंबाजी भिंतीवर जाऊन बसला. "आधी मला मारा, पाटील. माझी कोंडा गेली. तुमची सून पोटुशी आहे, तीही हेच पाणी पिणार. मी इथून उठत नाही."

महाराज पुढे आले. "पाटील, पहार आणलीच आहे, तर तीन घाव तुमच्या वाट्यात घाला. पाणी नाही आलं, तर भिंत मी स्वतः पाडतो."

पाटील हसत दोराने खाली उतरले. पहिला घाव चिखलात रुतला. दुसराही. महाराजांनी डोळे मिटले. तिसऱ्या घावाला पहार हातभर आत गेली आणि खालून पाणी उसळले. काय ती कृपा! भर उन्हाळ्यात पाणी पाटलांच्या घोट्याला लागले, गुडघ्याला लागले. ते घाबरून ओरडले. लिंबाजीनेच दोर ओढून त्यांना वर काढले.

पाणी चढत आले आणि भिंतीच्या माथ्याखाली वीतभर थांबले. पुढे किती पावसाळे झाले, पण ते कधी भिंतीवरून गेले नाही.

पाटील मुकाट्याने डोणीपाशी गेले. चिखलाचे पाय धुतले. मग लिंबाजीपुढे हात केला. "माझ्या वाट्याचं कापड दे, लिंबाजी."

ते छातीशी धरून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराज म्हणाले, "दर अमावास्येला एका घराने बारव झाडायची. पहिली पाळी कुणाची?"

"माझी," पाटील म्हणाले. डोके त्यांनी अजून उचलले नव्हते.