माइकची जागा

संगीतकार प्रभंजनकुमारांनी हट्टाने माइक ट्रम्पेटच्या अगदी तोंडाशी लावायला लावला आणि आवाज फाटला.

"वरातीतले वाजवणारे हे! हाकला सगळ्यांना," ते स्टुडिओत सर्वांदेखत ओरडले. म्हातारे दस्तगीरचाचा मान खाली घालून ट्रम्पेट पुसू लागले. रेकॉर्डिंग करणाऱ्या श्यामलच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज न चढवता ती म्हणाली, "हाकलू, सर. आधी दोष नीट ऐका. मी माइक काढते, तिथं तुमचा कान आणा."

सरांनी ऐटीत कान नेला. चाचांनी पूर्वीइतक्याच जोराने सूर लावला. सर कान दाबून थेट पियानोपर्यंत मागे सरकले.

"हलू नका, सर!" श्यामल माइक घेऊन धावली. "चाचा आपल्या जागेवरच बसतील. माइकची जागा ही, तुम्हीच दाखवलीत."