घंटेवाल्या म्हशी आणि साळुंक्यांची हाक

ज्यांनी त्या नदीवर पूल बांधायचा होता, त्यांनी तो बांधला नाही, आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी जाबही विचारला नाही. नदी रुंद होती. दाणा पिके अलीकडच्या काठावर, आणि बिळं होती पलीकडच्या टेकाडावर. त्यामुळे ससे, मुंगूस, घुशी, खारी अशा साऱ्यांचं जगणं म्हशींच्या पाठीवरून चाले.

मात्र हव्या त्या म्हशीने हव्या त्या उतारूला पाठीवर घ्यावं, असं तिथे चालत नसे. काठावर करकोच्यांची कचेरी होती. एका पायावर उभं राहून ते कारभार पाहत. कचेरीची पितळी घंटा जिच्या गळ्यात, तिनेच उतारू न्यायचे, असा त्यांचा नियम होता. त्यामागचा विचार वाईट नव्हता. पूर्वी कुठलाही रेडा उठून उतारू घ्यायचा आणि भर प्रवाहात त्याला डुंबायची लहर आली की खुशाल बसकण मारायचा. सशांची कुटुंबंच्या कुटुंबं त्यात वाहून गेली होती. म्हणून घंटा आली.

पण त्या घंटा ओतल्या तेव्हा वस्ती मूठभर होती. पुढे वस्ती वाढली, उतारू वाढले, घंटा तेवढ्याच राहिल्या. कुणी त्या वाढवायचा विषय काढला की करकोचे वरचा पाय खाली टेकवत, खालचा वर घेत, आणि कामकाज तेवढ्यावर आटोपे. होता होता म्हशीपेक्षा तिच्या गळ्यातल्या घंटेलाच मोल आलं. ज्यांनी कित्येक पावसाळे पाण्यात पाय घातला नव्हता असे म्हातारे रेडे चिखलात लोळत पडत, आपली घंटा तरुण म्हशींच्या गळ्यात बांधत आणि त्यांच्या वैरणीतली निम्मी आपल्या पुढ्यात ओढत.

काजळी अशाच उसन्या घंटेवर राबत होती. घंटा भुंडेआबा नावाच्या म्हाताऱ्या रेड्याची होती. रेडकू झालं तेव्हा काजळीने ठरवलं की आता घंटा स्वतःची हवी. तिच्याजवळ देण्यासारखं एकच होतं, नदीच्या वळणावरचं आईकडून आलेलं हिरवं कुरण. ते देताना ती घुटमळली, तेव्हा भुंडेआबा म्हणाले, "कुरण उन्हाळ्यात सुकतं, काजळे. घंटा सुकत नाही. ही गळ्यात आहे तोवर तुझ्या रेडकाच्या तोंडचा घास कुणी काढणार नाही."

काजळीने कुरण दिलं आणि घंटा घेतली.

खरं सांगायचं तर त्यानंतर तीही बाकीच्या घंटेवाल्यांसारखीच झाली. नदीच्या मधोमध एक बेट होतं. तिथलं भाडं अर्धं मिळे आणि परत रिकाम्या पाठीने यावं लागे. कुणी बेटाचं नाव काढलं की काजळी रवंथ करत दुसरीकडे पाही. एकदा दिवस भरत आलेली एक सशीण काकुळतीला आली, तर काजळीने तिला काठावरच्या रांगेतल्या पुढच्या म्हशीला विचारायला सांगितलं. पुढचीनेही तेच सांगितलं. सशीण रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली. काठावरच्यांना दुसरी वाट नव्हती, म्हणून रांगेची ही मिजास खपून जाई.

मग डोंगरापलीकडून साळुंक्या आल्या.

त्या कुणाला वाहून नेत नव्हत्या. उतारूने नुसती मान वर करून हाक मारायची. साळुंकी ती हाक झेलून काठभर फिरवी, आणि जवळ असेल ती म्हैस उतारूच्या बिळापाशी हजर होई. तिच्या गळ्यात घंटा आहे की नाही, हे कुणी पाहत नसे. ती बेटावरही जाई. भाडं निम्मं, आणि वर म्हशीला साळुंक्यांकडून पेंड. ही पेंड डोंगरापलीकडच्या कोठारातून येते म्हणत. ते कोठार कुणी पाहिलं नव्हतं. निम्म्या भाड्यावर ही पेंड परवडते कशी, हे म्हशींनी विचारलं नाही. तोंडात पेंड असली की प्रश्न विचारता येत नाही.

घंटेवाल्या कचेरीवर गेल्या. करकोच्यांनी थोरल्या साळुंकीला बोलावून नियम ऐकवला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला.

"आम्ही कुठे काय वाहतो, साहेब? आम्ही पाखरं. इकडची हाक तिकडे पोचवतो. हाक मारायला घंटा लागते, असं कुठे ठरलंय का?"

करकोच्यांनी पाय बदलला.

तेव्हा भुंडेआबांनी तोडगा काढला. जत्रेच्या दिवशी एकाही घंटेवालीने पाण्यात उतरायचं नाही. नदी बंद पडली की काठाला आपली किंमत कळेल. काजळीला हे पटलं नव्हतं, पण रांग मोडण्याची तिथे रीत नव्हती. दिवसभर साऱ्या जणी चिखलात बसून राहिल्या. ज्या म्हाताऱ्या घुशींनी रांगेवाचून दुसरं काही जाणलं नव्हतं, त्याही त्या दिवशी नाइलाजाने मान वर करून हाक मारायला शिकल्या. संध्याकाळी घंटेवाल्यांनी पाहिलं तर नदी पाठींनी भरून वाहत होती. काठाला किंमत कळली होती. भुंडेआबा म्हणत होते ती नव्हे, एवढंच.

त्यानंतर रांगेकडे कुणी फिरकेना. घंटा कुणी फुकट घेईना. काजळी वळणावर गेली तेव्हा भुंडेआबा कुरणात बसून कोवळं गवत खात होते. तिने घंटा परत घेऊन निदान अर्धं कुरण द्या म्हणून विनवलं.

"व्यवहार झाला, काजळे," ते म्हणाले. बसल्या जागेवरून उठलेसुद्धा नाहीत.

काजळीने बाभळीला मान घासून घासून घंटा तोडली आणि ती साळुंक्यांच्या हाकेवर जाऊ लागली.

घंटेवाल्या संपल्या तशी पेंडही संपली. आता साळुंक्या प्रत्येक भाड्यातला दाणा आधी टिपत. पाणी चढलं की भाडं चढे, पण चढलेलं भाडं म्हशीपर्यंत पोचत नसे. उतारूला कुठे जायचं आहे, हे तो पाठीवर बसल्यावरच म्हशीला कळे. एकदा नाही म्हटलं की तिचं नाव वगळलं जाई. किती दिवस, ते कुणी ठरवलं, हे विचारलं की साळुंक्या म्हणत, "वरून आलंय." रांग मोडली होती, म्हणून हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. जी ती आपल्यापुरती उभी असे.

एके दुपारी काजळीने साळिंदराचं भाडं नाकारलं. आधीच्या काट्यांनी तिची पाठ सोलून निघाली होती. त्यानंतर तिचं नाव कुणी पुकारलं नाही. रेडकू सकाळपासून उपाशी होतं. एक खेप मिळाली असती तरी त्याच्यापुढे चार काड्या पडल्या असत्या.

एवढ्यात एक मुंगूस धावत काठावर आला. घंटेच्या दिवसांपासून तो तिच्या पाठीवरून ये-जा करत असे. पलीकडे त्याची बायको अडली होती.

"चल, बस," काजळी म्हणाली.

त्याने पाय उचलला आणि तसाच थांबला. "साळुंकीने तुझं नाव कुठे सांगितलंय?"

"अरे, तू ओळखतोस ना मला?"

"ओळखतो गं. पण वाटेत काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

काजळीनेही आग्रह धरला नाही. एखाद्या साळुंकीने पाहिलं असतं तर तिचं नाव कायमचंच गेलं असतं. मुंगसाने मान वर केली. काजळीनेही केली. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर होतं. नदी संथ वाहत होती. काठाने लांबवर ससे, घुशी, म्हशी अशाच शेजारी शेजारी, माना वर करून उभ्या होत्या.

चिखलातल्या बिळातून एक खेकडा बाहेर आला. त्याने साऱ्यांकडे पाहिलं, मग डोळे वळवून आभाळाकडे पाहिलं.

"ढग तर कुठेच नाही," तो म्हणाला. "मग सगळे मिळून वाट कुणाची बघताय?"