आधी रंगवलेला डोळा

ही गोष्ट गोड नाही, ते आधीच सांगून ठेवते. शेवटी सगळं छान झालं असं ऐकायची ज्यांना सवय आहे, त्यांनी आत्ताच उठावं. बसलात तर मात्र पुरती ऐका.

फार पूर्वी एका मोठ्या डोहाच्या काठी एक गाव होतं. त्या गावात लाकडाचे मासे करणारा एक कारागीर राहायचा, त्याचं नाव म्हाळू. लाकडाचे मासे म्हणजे खेळणी नव्हेत हं. पोटाखाली गळ लावलेला तो खोटा मासा दोरीला बांधायचा, लांब पाण्यात फेकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. डोहातल्या मोठ्या माशाला तो खरा वाटायचा आणि तो झडप घालायचा. डोहाचा तळ खडकाळ होता, जाळं टाकलं की फाटून वर यायचं. त्यामुळे घरोघरी म्हाळूचा मासा असायचाच.

म्हाळूचं काम घरामागच्या पडवीत चालायचं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड पटाशीनं कोरायचं, खरवताच्या खरखरीत पानांनी घासून गुळगुळीत करायचं. मग तोंडाशी एक आणि पोटाशी एक अशा दोन पितळी कड्या लाकडात खोल खुपसायच्या आणि गरम लाख ओतून पक्क्या करायच्या. तोंडाच्या कडीला दोरी, पोटाच्या कडीला गळ. त्यानंतर रंग. जुन्या जाळ्याचा तुकडा माशाला घट्ट गुंडाळून म्हाळू वरून रंग टिपायचा, आणि जाळं सोडलं की अंगभर खवले उमटलेले असायचे. त्यावर अभ्रकाची पूड, आणि पुडीवर रोगणाचे तीन हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

एवढं झालं तरी मासा पुरा झाला नाही. त्याला डोळा नसायचा.

डोळ्याआधी धोंडा. तोंडाच्या कडीनं मासा आढ्याला टांगायचा आणि गळाला पाच शेरांचा धोंडा अडकवायचा. सकाळी टांगलेला मासा दिवेलागणीपर्यंत तसाच. लाकडाला आतून कीड असेल तर ते लाख धरत नाही, आणि वरून तर रोगणाखाली काहीच दिसत नाही. धोंडा तेवढा ते ओळखायचा. दहातल्या एखाद्या माशाची कडी सुटायची आणि धोंडा धाडकन खाली यायचा. तो मासा म्हाळू चुलीत घालायचा, कितीही देखणा असला तरी. जे टिकायचे त्यांना काजळाचा ठिपका आणि वर लाखेचा एक थेंब. हा त्यांचा डोळा. अंगठ्याला लागेल असा फुगीर. गावात कुणी मासा घेतला की आधी डोळ्यावरून अंगठा फिरवायचा आणि मगच दोरी बांधायचा. म्हाळूला कुणी काही विचारायचं नाही. डोळा होता, म्हणजे झालं.

आता या धोंड्यानं एक खोडी केलेली असायची. दिवसभराच्या ओढीनं कडीच्या मुळाशी रोगणाला केसाएवढी चीर पडायची. म्हाळू ती बुजवायचा, पण नीट पाहिलं की दिसायची. गावकऱ्यांना तिचं काही नव्हतं. एकदा मात्र दूरच्या शहरातले एक सावकार गावावरून जात होते, त्यांनी ते मासे पाहिले आणि हरखून गेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला वीस मासे हवेत म्हणाले. फक्त ही चीर तेवढी नको, सगळा साज बिघडवते.

म्हाळूनं विचार केला की हे मासे भिंतीवर राहणार, पाण्याचं तोंड पाहणार नाहीत, मग धोंडा कशाला? त्यात चूक काहीच नव्हती. पण डोळ्यावाचून मासा मेलेला दिसतो, म्हणून धोंडा न लावताच त्यानं वीसच्या वीस माशांना डोळे रंगवले. हात थोडा अडखळला म्हणतात. असेलही. रंगवले एवढं खरं.

आणि काय देखणे दिसले ते! कुठे चीर नाही, डाग नाही, ओल्या माशासारखे लखलखते. म्हाळू स्वतःच कितीतरी वेळ बघत बसला. लोकही बघायला आले आणि म्हाळूच्या हातात जादू आहे म्हणाले. भिंतीवर बाराच मावतात म्हणून सावकारांच्या माणसानं बारा नेले, आठ राहिले. ते आठ त्यानं वेगळे ठेवायला हवे होते, नाहीतर डोळे खरवडून धोंड्याला लावायला हवे होते. त्यानं ते विक्रीच्या टोपलीत इतर माशांबरोबर टाकले. कौतुक चढलं होतं, दुसरं काय.

त्याच गावात चांगुणा नावाची बाई राहायची. तिचा नवरा भिवा म्हाळूचा लहानपणापासूनचा मित्र. वर्षापूर्वी भिवाच्या अंगावरून वारं गेलं आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हापासून खडकावर उभं राहून चांगुणाच मासे धरायची. आश्विनात पाणी निवळलं की डोहातले मोठे मासे आठ-दहा दिवस काठाशी येत. त्या दिवसांत जे मिळेल ते वाळवायचं आणि त्यावर दोघांनी उन्हाळ्यापर्यंत काढायचं. ते आठ दिवस हुकले तर पुढं चूल पेटायची नाही, इतकं सरळ होतं सगळं.

त्या वर्षी नेमका तिसऱ्या दिवशी तिचा जुना मासा खडकाच्या कपारीत अडकून गेला. ती तशीच ओल्या लुगड्यानं म्हाळूच्या पडवीत आली. टोपलीत चीर असलेले मासे संपले होते. उरले होते ते लखलखणारे चार.

म्हाळूच्या मनात आलं, सांगावं. वहिनी, यांचा डोळा खरा नाही, आज धोंडा लावतो, उद्या सकाळी न्या. एवढंच सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे खोटा डोळा आपण रंगवला हे तोंडानं कबूल करायचं. ज्या डोळ्यावर गाव डोळे मिटून विसंबतं, तो खोटा. त्याला ते जमेना. शिवाय दहातला एखादाच सुटतो, मग हाच कशाला सुटेल, असं त्यानं मनाला समजावलं.

चांगुणानं एक मासा उचलला, उजेडात धरला.

"भावजी, याला ती चीर कशी नाही? धोंडा झालाय ना?"

"डोळा आहे ना त्याला, वहिनी?" म्हाळू म्हणाला.

तिनं डोळ्यावरून अंगठा फिरवला, हसली आणि मासा पदरात घेऊन गेली. दिवसभर म्हाळूचं कामात लक्ष लागलं नाही. दोनदा तो उठून डोहाच्या वाटेला लागला आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत आला. जाऊन काय सांगणार, असं त्याला वाटलं.

त्या गावची मासा धरायची रीत अशी की मोठा मासा लागला की दोरीचा एक वेढा कमरेला घ्यायचा आणि सगळा भार टाकून मागं रेलायचं. मासा दमेपर्यंत तसंच उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणाला मासा लागला. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिलं, दोरी ताठ झाली, चांगुणा मागं रेलली. फार मोठा मासा होता, त्या बायका सांगतात. चांगुणानं त्यांच्याकडे बघून हातही केला. आणि मग दोरी एकदम सैल पडली. चांगुणा मागच्या मागे खडकावरून खाली दगडांत गेली. बायका पोचल्या तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

गावानं हळहळ केली. शेवाळ असेल, पाय घसरला असेल, म्हणाले. म्हाळूला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणाच्या मनातच आलं नाही. तिची दोरी मात्र कुणीतरी गुंडाळून त्याच्या पडवीत आणून ठेवली, भिवाला आता दोरीचा काय उपयोग म्हणून. दोरीच्या टोकाला तोंडाची पितळी कडी तशीच होती. कडीच्या मुळाशी लाख होती आणि लाखेला चिकटलेला किडक्या लाकडाचा पिवळा भुसा.

म्हाळूनं ती कडी मुठीत धरली. फेकून दिली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. तो उठला आणि भिवाच्या घरी गेला. अंथरुणाशी बसून त्यानं सगळं सांगितलं. सावकारांचे मासे, न लावलेला धोंडा, चांगुणानं विचारलेलं आणि आपण दिलेलं उत्तर. काहीही लपवलं नाही. मग कडी भिवाच्या चालत्या हातात ठेवली.

भिवानं लाखेला चिकटलेला भुसा अंगठ्यानं चाचपला. त्याची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे.

"निघताना तिनं मला तो मासा दाखवला," तो म्हणाला. "म्हणाली, म्हाळूभावजींचा डोळा आहे, आता घोर नाही."

म्हाळू मान खाली घालून रडायला लागला. भिवानं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "बाकीचे कुणाकडे आहेत?"

आणि म्हाळूला सांगता येईना. बारा भिंतीवर होते, तीन पडवीत, एक चांगुणानं नेला. चार विकले गेले होते. कुणाला, ते त्याला माहीत नव्हतं. टोपलीतून कोण कुठला मासा उचलतो हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, डोळे तर सगळ्यांना सारखेच होते.

दुसऱ्या दिवसापासून म्हाळू धोंडा खांद्यावर घेऊन घरोघर फिरला. प्रत्येक दारात त्यानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली आणि घरातले मासे तिथल्याच आढ्याला टांगून पाहिले. दोन घरांत एकेक लखलखता मासा सापडला, त्यातल्या एकाची कडी सुटली. उरलेले दोन घाटापलीकडच्या माणसांनी नेले असं कळलं, ते कधीच मिळाले नाहीत. पण लोक आता जुने, चीर असलेले मासेही पुढं करायला लागले. हाही बघ, म्हणायचे. तो सांगायचा की हा दहा वर्षांपूर्वीचा आहे, याला धोंडा लावलेला आहे. लोक ऐकून घ्यायचे आणि मासा तसाच पुढं धरायचे.

त्यानंतर म्हाळू कितीतरी वर्षं जगला. रोज सकाळी भिवाकडे जेवण घेऊन जायचा, त्याला भरवायचा, त्याचं अंथरूण बदलायचा. भिवा जेवायचा. बोलायचा मात्र नाही. वाईटसुद्धा बोलला नाही.

म्हाळूचे मासे पूर्वीपेक्षा चांगले व्हायला लागले, असं जुनी माणसं सांगत. तो एकही मासा दिवसभर टांगल्याशिवाय पुरा करायचा नाही. डोळाही रंगवायचा, अगदी शेवटी, पहिल्यासारखाच. पण त्यावरून कुणी अंगठा फिरवायचं नाही. मासा घ्यायला येणारा प्रत्येक जण काखेत स्वतःचा धोंडा घेऊन यायचा. कुणी टोमणा मारायचं नाही, राम राम करायचे, तब्येत विचारायचे आणि आपला धोंडा मुकाट्यानं गळाला अडकवून पडवीत बसून राहायचे. निघताना कोण तो परत नेतो! धोंडे तिथंच राहायचे. होता होता म्हाळूच्या दारात त्यांचा ढीग झाला, आणि मरेपर्यंत तो रोज त्या ढिगाला वळसा घालून भिवाचं जेवण घेऊन निघायचा.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: काम पुरं झाल्याची खूण काम पुरं झाल्यावरच करावी. एक खूण खोटी निघाली, तर आपल्या हातच्या सगळ्या खऱ्या खुणाही तिच्याबरोबर जातात, आणि माणूस गेलं तर तेही परत येत नाही.