हरबा आणि पाण्याचं एटीएम

एका गावात एक भोळा निरोप्या होता. नाव हरबा. सांगितलं तेवढं करायचा. तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. बाया नदीवरून घागरी वाहून वाहून मेटाकुटीला आल्या. सरपंच शेवंताबाईंनी ठरवलं, टँकरने भरायची एक टाकी आणि तिला एक एटीएम. बटण दाबा, घागर भरा, घरी जा.

एटीएमचं अंग घडवणार भिकोबा मिस्त्री. बटणं कुठं, दाबल्यावर काय उजळेल, ते ठरवणार शहरात शिकून आलेली कुंदा. आता दोघांनी एका जागी बसावं की नाही? छे! मिस्त्री म्हणायचे, "पोरगी नुसते दिवे लावते." कुंदा म्हणायची, "मिस्त्री नुसता डबा ठोकतात." मग मध्ये कोण? आपला हरबा. झालं!

कुंदाने कागदावर बटणं काढून दिली. हरबाने ती तशीच नेऊन मिस्त्रींना दिली. कुंदा चिडली. "अरे, चार बायांनी दाबून बघितल्याशिवाय काही पुढं न्यायचं नाही!"

"बरं ताई. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी मिस्त्रींनी एटीएमचा ओल्या मातीचा नमुना दिला. हरबाने तो वाटेत चार बायांकडून दाबून घेतला. कुंदाकडे पोचली भाकरी.

मिस्त्रींनी कपाळ बडवून घेतलं. "गाढवा, असली वस्तू ओल्या फडक्यात गुंडाळायची, वर पाणी शिंपडत न्यायची!"

"बरं मिस्त्री. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी कुंदाने बटणांची विजेची पाटी दिली. हरबाने ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पाणी शिंपडत शिंपडत नेली. पाटीने वाटेतच राम म्हटला.

कुंदा किंचाळली. "मेल्या, माझ्या कामाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही! एक थेंब!"

"बरं ताई. पुढच्या वेळी."

नवी पाटी आली. एटीएम एकदाचं उभं राहिलं. उद्घाटनाला अख्खं गाव रिकाम्या घागरी घेऊन उन्हात हजर. शेवंताबाईंनी नारळ फोडला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पाणी काही येईना.

"हरबा, मिस्त्रींना सांग, नळ चोंदलाय," कुंदा म्हणाली.

मिस्त्री तिच्या शेजारीच उभे होते. "हरबा, तिला सांग, बटणच खोटं आहे."

हरबा बिचारा इकडे मान, तिकडे मान, निरोप पोचवतोय. पोरं तहानेनं रडायला लागली.

शेवंताबाई कडाडल्या, "आग लागो तुमच्या निरोपांना! टाकीत पाणी आहे का, ते कुणी बघितलं?"

"मी बघितलं की," हरबा म्हणाला. "काठोकाठ होतं. ताईंच्या कामाला थेंब लागला असता ना! सकाळीच सगळं ओढ्यात सोडलं. टाकी आतून कोरड्या फडक्याने पुसूनसुद्धा घेतली."