मुकादमाने फोन उचलला नाही

एकदा एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडे एक शिष्या आली, आणि आली ती जवळजवळ धावतच. नाव रत्नमाला गेडाम, वय चौतीस, नोकरी तिकीटखिडकीवर.

"सर, लेखी पास झाले! सोमवारी पॅनेलवरची परीक्षा!"

आता ही कसली परीक्षा, ते आधी सांगतो. पूर्वी प्रत्येक स्टेशनाचे सिग्नल त्या त्या स्टेशनातून हलत. आता बावीस स्टेशनांचे सिग्नल दूर शहरातल्या एका खोलीतून हलतात. त्या खोलीला कंट्रोल म्हणतात. तिथे बसणाऱ्याला ना गाडी दिसते ना रूळ. समोर पडदा, बटणांचं पॅनेल आणि कानाशी फोन, एवढाच त्याचा संसार. त्या खुर्चीचं रत्नमालेला अक्षरशः वेड लागलं होतं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. निवड झाली की ती शहरात खोली घेणार आणि नवरा गावातलं शिलाईचं दुकान सांभाळणार, असं ठरलेलंच होतं.

मास्तर तिची तयारी करून घेत ती आपल्या ओसरीवर. प्लायवूडच्या फळीवर त्यांनी बावीस स्टेशनं रंगवली होती आणि जुन्या कोटाची बटणं चिकटवली होती. बाई हुशार, हो! कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली आधी काढायची, सगळं धडाधड सांगायची. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे काकू, कौतुकाने म्हणत, "हिला घेतलं नाही तर त्यांचंच नशीब फुटकं."

शनिवारी सकाळी मास्तर म्हणाले, "आज शेवटचा सराव. पुलाजवळ माणसं रुळांवर काम करणार आहेत, अकरा ते साडेअकरा. टोपी घाल."

रुळांवर माणसं उतरली की त्या लाइनीच्या बटणावर लाल टोपी घालतात. ती असेपर्यंत बटण दाबायचं नाही, तिथे गाडी सोडायची नाही. काम आटोपलं की मुकादम फोनवर सांगतो, "माणसं बाहेर, अवजारं बाहेर, लाइन मोकळी." मगच टोपी काढायची. ओसरीवर या टोपीचं काम औषधाच्या बाटलीचं लाल झाकण करी.

रत्नमालेने झाकण बसवलं. मास्तरांनी फळीवरच्या पुलावर खडूचे पाच तुकडे ठेवले आणि "ही कामावरची माणसं, मी मुकादम," असं म्हणून ते मोबाइल घेऊन परसात गेले. काकू झाल्या शहरातल्या साहेब.

साडेअकरा वाजले. फोन नाही. रत्नमालेने मुकादमाला फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. इकडे काकूंच्या अंगात साहेब संचारले होते. "अहो बाई, एक्स्प्रेस उभी आहे! हजार माणसं ताटकळलीत! काय झोपा काढताय काय?"

अकरा पस्तीस. अकरा चाळीस. रत्नमालेच्या कपाळावर घाम. दिलेली वेळ तर टळून गेली. काम केव्हाच संपलं असणार, मुकादम सांगायला विसरला असणार. तिने झाकण उचललं, बटण दाबलं आणि ओरडली, "हिरवा! गाडी सुटली!"

काकूंनी टाळी वाजवली.

तेवढ्यात दाराआडून मास्तर बाहेर आले. ते तिथेच उभे होते, आवाज बंद केलेला मोबाइल हातात धरून. फळीशी गेले आणि पुलावर ठेवलेले खडूचे पाच तुकडे एकेक करून बोटाने आडवे पाडले.

रत्नमालेला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा ती संतापली. "सर, तुम्ही इथेच होतात? फोन हातात थरथरत होता ना?"

"थरथरत होता की."

"मग उचलला का नाही? ही फसवणूक झाली! परीक्षेच्या तोंडावर असं कुणी करतं का?"

मास्तर शांतपणे पायरीवर बसले. "मी फोन का उचलला नसेल, सांग बरं."

"मला काय माहीत!"

"हेच उत्तर बरोबर होतं. पण ते तू आत्ता दिलंस. मशीनच्या आवाजात घंटी ऐकू आली नसेल. पुलाखाली रेंज नसेल. कुणाचा पाय अडकला असेल आणि मुकादम तो सोडवत असेल. किंवा खरंच विसरला असेल. इतक्या गोष्टींतून तू एकच उचललीस, जी तुला सोयीची होती. गप्प माणसाच्या तोंडी आपण नेहमी आपल्या सोयीचं वाक्य घालतो, रत्ना. आणि मग त्यानेच ते म्हटलं, अशी आपली खात्री पटते."

"मग करायचं काय? गाडी तशीच उभी ठेवायची?"

"उभी ठेवायची. जवळच्या फाटकावरून माणूस पाठवायचा. पुन्हा विचारायचं. आणि साहेब ओरडले तर म्हणायचं, 'मला अजून उत्तर आलेलं नाही.' पाच शब्दांचं वाक्य आहे, पण भल्याभल्यांच्या तोंडून निघत नाही."

मग काय, दुपारपर्यंत काकू ओरडत होत्या आणि रत्नमाला तेच वाक्य म्हणत होती. आधी रडवेल्या आवाजात, मग चिडून, आणि शेवटी अगदी सहज.

तुम्हाला वाटेल, सोमवारी परीक्षेत नेमकं हेच आलं. छे! मुकादमाचं नावही निघालं नाही. भलतंसलतं विचारलं, तिने सगळ्याची फटाफट उत्तरं दिली आणि संध्याकाळी यादीत पहिलं नाव तिचं! मास्तरांना तिने तिथूनच फोन केला आणि आनंदाने इतकी मोठ्याने बोलली, की पलीकडे काकूंनाही शब्द न् शब्द ऐकू आला.

घरी येताच तिने सुधाकरला, म्हणजे नवऱ्याला, पेढा भरवला आणि एका दमात सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. खोली मी बघते, दुकान तुम्ही बघा, मी शनिवार-रविवारी येत जाईन."

सुधाकरने मान खाली घातली आणि मशीनच्या सुईत दोरा ओवू लागला. अर्ज भरला त्या दिवशीही तो असाच गप्प राहिला होता.

रत्नमाला बोलायची थांबली. सगळं ठरलेलंच होतं खरं, पण ते ठरवलं कुणी, हे तिला आठवेना. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"अहो, मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. तुमच्या मनात काय आहे?"

सुधाकर दोरा ओवत राहिला. ती थांबली. आत दूध उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काही नाही गं. मशीन काय, कुठेही ठेवता येतं. मीपण आलो असतो, तर तुला चाललं असतं का, एवढंच विचारायचं होतं."