अनशापोटी करवंदे

बाळांनो, आणि बाळांच्या आईबाबांनो, पोट नको म्हणत असताना, केवळ चारचौघे बघताहेत म्हणून तुम्ही कधी काही खाल्ले आहे का? फार पूर्वी एका डोंगरगावातल्या तरुण कुंभारावर ही वेळ आली होती.

त्या गावाची एक रीत होती. मुलीला मागणी घालणाऱ्याने सकाळी अनशापोटी ओंजळभर हिरवी करवंदे खायची, तीही तोंड वाकडे न करता. "ज्याला आंबट पचेल, त्याला संसार पचेल," असे जुने लोक म्हणत.

कुंभाराचे मन पाटलांच्या मुलीवर जडले होते आणि तिचे त्याच्यावर. पण त्याचे पोट नाजूक. जरा आंबट खाल्ले की छातीत जळजळे, घशाशी येई. सवयीने पोट कणखर होईल, असे त्याला वाटले. तो गुपचूप रोज करवंदे खाऊ लागला. पोट कणखर झाले नाहीच, उलट साधा भातही सोसेना.

ठरलेल्या सकाळी पारावर गाव जमले. पाटलांनी करवंदांची पाटी पुढे केली. तरुणाने एक करवंद ओठांशी नेले आणि परत ठेवले.

"पाटील, मला हे सोसत नाही. आज खोटेपणाने मुलगी मिळवली, तर उद्या तिच्याशीही खोटंच बोलावं लागेल."

"करवंदाला भ्याला! वाघ आला तर काय करशील रे?" एक म्हातारा ओरडला.

"वाघ बाहेरून खातो, काका. हे आतून खातं."

पाटलांनी मान फिरवली. "रीत म्हणजे रीत. मुलगी मिळायची नाही."

तशी पाटलीणबाई पुढे आल्या. "रीत मला सांगता? तुम्हीही ओंजळभर खाल्लीत. गावानं वाहवा केली. मग छाती चोळत कोण बसायचं? विचारलं की 'काही नाही'! त्या 'काही नाही'नं मला किती रडवलं. हा पोरगा निदान आधी सांगतोय."

सारा पार हसला. पाटील ओशाळले, मग स्वतःच हसले.

"आमच्या पोटातलं बाहेर काढलंत की!" ते म्हणाले आणि तरुणाकडे वळले. "जावईबापू, पाटी बाजूला ठेवा. यापुढे करवंदं ज्याला सोसतील, त्यानंच खायची. तीसुद्धा जेवल्यावर, गुळाबरोबर."

दुखणे लपवून सोसण्यापेक्षा ते खरे सांगायला अधिक धैर्य लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या ओसरीवर लग्नाची सुपारी फुटली.