शिसवीचं पेन आणि व्हाइस

लाकडं तोंडावर बोलून मोकळी व्हायची त्या काळी, भिकू कातारी लाकडाची पेनं बनवायचा. एकदा त्यानं शिसवीचा बोटभर तुकडा कामाच्या बाकावरच्या व्हाइसच्या दोन लोखंडी जबड्यांत उभा धरला आणि दांडा फिरवून जबडे आवळले.

"अरे, जीव जातोय माझा! जरा सैल सोड," तुकडा ओरडला.

"मुळीच नाही," व्हाइस म्हणाला. "सकाळी चिंचेचा तुकडा असाच रडला. मला दया आली, मी सैल पडलो. भोक पाडायला गिरमिट टेकताच तो गरकन फिरला आणि उभा चिरला. तो बघ, जळणाच्या ढिगात पडलाय."

गिरमिट सावकाश खाली उतरलं. भिकू मधेमधे ते वर घेऊन भुसा झटकत होता. भोक अगदी सरळ पडलं. तरीही पेन तयार होईपर्यंत शिसवीनं व्हाइसशी अबोला धरला.

ते पेन भिकूनं तिथंच बाकाशी बसलेल्या बायकोला दिलं. सगुणा नुकतीच अक्षरं शिकत होती.

"अहो, किती नाजूक आहे! मोडेल माझ्या हातून," म्हणत तिनं ते दोन बोटांत अलगद धरलं. पेन घसरलं आणि पहिल्याच अक्षराची रेघ तिरकी गेली. दुसऱ्यांदाही तेच.

शेवटी पेनालाच राहवेना.

"बाई, घट्ट धरा हो," ते म्हणालं. "मला काही होत नाही."

बाकावरच्या व्हाइसनं ते ऐकलं आणि आपले रिकामे जबडे हळूच मिटून घेतले.